आधी व्यासपीठ काढा: विभागात संशोधन नीतीची चर्चा कशी घडवायची

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत बहुतेक महाविद्यालयांत 'संशोधन नीती : एकदिवसीय कार्यशाळा' एकदा तरी होऊन गेलेली असते. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, दीड तासाचं पीपीटी, 'कुणाला काही शंका?', शांतता, आभार, फीडबॅक फॉर्म, प्रमाणपत्र. मीही अशी एक भरवली होती. सभागृहात एकही प्रश्न आला नाही. जेवणानंतर हात धुवायच्या रांगेत मात्र एका विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "सर, बायका प्रश्नावलीवर सही द्यायला तयारच नव्हत्या. मग मी घरी बसून सगळ्या सह्या केल्या. चालेल ना?"

दिवसभरात नीतीचा खरा प्रश्न तेवढाच आला, तोही बेसिनपाशी. तो टेबलावर यायचा असेल तर काय करावं लागतं, कुठल्या क्रमाने, आणि नेमकं कुठे फसतं, ते खाली लिहिलं आहे. मी पाच-सहा वेळा चुकून शिकलो, तुम्ही दोन वेळा चुकलात तरी पुरे.

एक खुलासा. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये 'संशोधन आणि प्रकाशन नीती' हा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा पेपर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ च्या अखेरीस सक्तीचा केला. तो शिकवायचाच आहे. पण तो वर्ग आहे, शेवटी गुण आहेत, आणि गुण देणाऱ्यासमोर कुणी स्वतःची अडचण सांगत नाही. चर्चा वेगळी ठेवा.

## टप्पा १ : चौकशी आणि चर्चा यांची फारकत

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर 'मुलं बोलतच नाहीत' म्हणून कुरकुरतात.

यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनुसार प्रत्येक विभागात एक शैक्षणिक सचोटी समिती असते. तिचे अध्यक्ष विभागप्रमुख, दुसरे सदस्य विभागाबाहेरचे ज्येष्ठ अध्यापक आणि तिसरे लिखाणातलं साम्य तपासणारं सॉफ्टवेअर जाणणारे. तक्रार आली की ४५ दिवसांत या समितीने वरच्या, म्हणजे संस्थेच्या, समितीला अहवाल द्यायचा असतो.

आता आपल्याकडे चर्चा कोण चालवतं? विभागप्रमुख. साम्य अहवालाबद्दल कोण बोलतं? बहुधा ग्रंथपाल, आणि समितीतले सॉफ्टवेअरवाले सदस्य अनेकदा तेच. म्हणजे उद्या ज्यांच्यासमोर चौकशी व्हायची, त्यांच्याच समोर आज मन मोकळं करा असं आपण पोरांना सांगतो. कोण करेल?

म्हणून पहिलं काम हे:

१. बैठक चालवायला त्या समितीत नसलेली व्यक्ती शोधा. शक्यतो दुसऱ्या विभागाची, फार ज्येष्ठ नसलेली, आणि तिथल्या कुठल्याही विद्यार्थ्याची गाइड नसलेली. प्राणिशास्त्राची बैठक अर्थशास्त्राच्या मॅडमनी चालवली तर काही बिघडत नाही. उलट त्यांना खरोखरच बरंच ठाऊक नसतं, त्यामुळे त्या साधे प्रश्न विचारतात.

२. विभागप्रमुखांना आधी जाऊन भेटा आणि का, ते स्पष्ट सांगा. 'सर, तुम्ही समितीचे अध्यक्ष आहात. तुमच्यासमोर कुणी काही बोललं तर तुम्हालाच अडचण होईल.' हे कारण खरं आहे आणि मान राखणारंही. आजवर मला नकार मिळालेला नाही.

३. बैठकीतलं बोलणं कुठवर जाईल ते लिहून ठेवा. आमचं वाक्य असं: 'इथे कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही, काय ठरलं ते सांगायला हरकत नाही. मात्र लैंगिक छळ, किंवा कुणाच्या जिवाला धोका, अशी बाब पुढे आली तर ती इथे मिटवली जाणार नाही, योग्य समितीकडे जाईल.' दुसरा भाग गाळू नका. सगळंच गुप्त राहील असं वचन देणं ही स्वतःच एक फसवणूक आहे.

तपासा : चालवणाऱ्या व्यक्तीच्या हातात उपस्थितांपैकी कुणाचे गुण, शिफारस, फेलोशिपची सही किंवा चौकशी आहे का? असेल तर माणूस बदला.

## टप्पा २ : दिवस, वेळ, जागा

इथे फार रेंगाळायचं नाही, पण कोकणात वेळ चुकली की बाकी सगळं चुकतं.

गणपतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडा. शिमग्यात पालखी घरी यायची असेल तर माणूस बैठकीला येणार नाही, आणि येऊही नये. एप्रिल-मे मध्ये निम्मी मुलं आंब्याच्या बागेत असतात. पेपर तपासणीचे आठवडे सोडा. उरतात जुलै, डिसेंबर, जानेवारी. जुलैत पावसाचा आणि वीज जाण्याचा हिशेब धरा. प्रोजेक्टर लागणारच नाही अशी बैठक आखली की हा प्रश्न आपोआप सुटतो.

राजापूर, लांजा, देवगड, गुहागर अशा लांबून येणाऱ्यांची परतीची एसटी विचारून घ्या. साडेअकरा ते दीड ही वेळ बरी. साडेतीनला ठेवलेली बैठक साडेचारपासूनच गळायला लागते, आणि सगळ्यांत लांबून येणारा, बहुधा गावपातळीवर काम करणारा, आधी उठतो.

सभागृह नको. व्यासपीठ असलेली खोलीच नको. प्रयोगशाळेतली लांब टेबलं, वाचनकक्ष, काहीच नसेल तर व्हरांडा. माणसं बारा ते अठरा. पंचविसांच्या पुढे गेलात की चर्चा संपते आणि भाषण सुरू होतं.

इशारा : प्रमाणपत्र देऊ नका. एकदा दिलंत की पुढच्या वेळी साठ जण येतील आणि बोलणार एकही नाही. शाल-श्रीफळाचंही तेच.

## टप्पा ३ : प्रकरण लिहा

प्रकरण म्हणजे बैठकीत चर्चेला ठेवायचा एक अडचणीचा प्रसंग. सगळी मेहनत इथे घाला. बैठक चांगली झाली की वाईट, हे आदल्या आठवड्यात लिहिलेल्या दीड पानावर ठरतं.

नेहमीची चूक म्हणजे विषय देणं: 'संशोधनातील प्रामाणिकपणा', 'माहितीदाराचे हक्क'. यावर सगळ्यांचं एकमत आधीच झालेलं असतं. दुसरी चूक म्हणजे जगप्रसिद्ध, भीषण उदाहरणं घेणं. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारांविना ठेवून सिफिलिसचा अभ्यास चालला, हे माहीत असायलाच हवं. पण ते ऐकून प्रत्येक जण मनात म्हणतो, 'आपण बाबा असं काही करत नाही.' आपण करतो ते वेगळं असतं आणि बारीक असतं.

प्रकरण असं हवं की तीन माणसांना तीन वेगळी उत्तरं सुचतील आणि तिन्हींना थोडा आधार असेल. आम्ही वापरलेलं एक पूर्ण देतो. हे रचलेलं आहे, कुठल्याही एका प्रबंधातलं नाही.

*प्रकरण : पावसाळ्यातली नोंद*

*तुम्ही मच्छीमार कुटुंबांच्या कर्जावर संशोधन करता. एका वाडीतल्या चाळीस घरांची माहिती घेतलीत. संमतीपत्रात 'नाव गुप्त ठेवू' असं लिहिलं आहे. जून-जुलैत उत्पन्न कुठून येतं, या प्रश्नावर सहा जण म्हणाले, 'बंदी असली तरी जातो आम्ही, रात्रीचे.' दोघांच्या बोलण्यात होडीचं नावही आलं. ते मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. वाडीत मोठ्या यांत्रिक होड्या सातच. गाइड म्हणतात, 'हाच तर प्रबंधाचा गाभा. वाडीचं नाव आणि होड्यांच्या आकाराप्रमाणे तक्ता टाक, परीक्षकांना कळायला हवं ना.' येत्या सोमवारी तुम्हाला प्रबंधाचा हा भाग त्यांच्यापुढे ठेवायचा आहे.*

*१. सोमवारी न्यायच्या तक्त्यात कोणते रकाने असतील? कागदावर आखून दाखवा.*
*२. रेकॉर्डिंगचं काय कराल?*
*३. त्या दोघांकडे परत जाल का? गेलात तर पहिलं वाक्य काय असेल?*

यातली माहिती खरी आणि सगळ्यांच्या ओळखीची आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीला बंदी असते, आणि राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. म्हणजे 'गुप्त ठेवू' म्हणून घेतलेली माहिती दंडाला कारण होऊ शकते. नाव गाळलं म्हणजे ओळख पुसली, असं आपल्याकडे होत नाही. वाडी, आडनाव आणि होडीचा आकार एवढं दिलं की शेजारच्या बंदरावरचं शेंबडं पोरगंही माणूस ओळखील. बैठकीत हा मुद्दा कुणीतरी काढतंच, आणि ते विद्यार्थ्यांपैकी कुणी काढलं तर त्याचा परिणाम दहा स्लाइडपेक्षा जास्त होतो. म्हणून तो प्रकरणात लिहू नका. सात होड्यांचा आकडा तेवढा पेरून ठेवा.

प्रश्नांकडेही नीट बघा. 'योग्य काय?' असं एकदाही विचारलेलं नाही. 'रकाने आखा', 'पहिलं वाक्य सांगा' असं विचारलं की माणसाला हातानं काहीतरी करावं लागतं आणि तत्त्वज्ञानाची आडवाट बंद होते.

प्रत्येक विभागाला मासेमारी चालणार नाही. आणखी काही बिया, ज्यांतून आपापलं प्रकरण उगवेल:

साका आणि नकोसे आकडे. हापूसमधल्या साक्यावर (फळाचा गर आतून बिघडण्यावर) काम करताना ६० झाडांपैकी ५ झाडं निष्कर्षाशी जुळत नाहीत. त्या झाडांच्या बाजूला पाणी साचलं होतं, असं आता आठवतं. तेव्हा नोंदवलं नव्हतं. गाळायची का? गाळली तर कुठे लिहायचं?

कातळशिल्पाचं ठिकाण. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची (उघड्या कातळाच्या पठारांवरची) कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. तुम्हाला न नोंदलेलं एक सापडतं, खासगी जमिनीवर. नियतकालिक अचूक अक्षांश-रेखांश मागतं. मालक म्हणतो, 'छापलंत तर जमीन अडकेल माझी.' चिरेखाण (जांभा दगडाची खाण) शेजारच्या सड्यापर्यंत आलेली आहे. गप्प बसलात तर शिल्प जाईल, बोललात तर मालक. या प्रकरणावर आमच्याकडे दोन तास पुरले नव्हते.

आजीचं औषध. एक आजी तुम्हाला रानातली मुळी दाखवते. लेखात तिचं नाव घालायचं, 'स्थानिक माहितीदार' लिहायचं, की सहलेखक करायचं? जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि गावागावांत लोक जैवविविधता नोंदवह्याही झाल्या आहेत. परदेशी संस्थेला निष्कर्ष द्यायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागू शकते, आणि हे आजीला काय, विभागालाही सांगावं लागतं.

लेखकांची रांग. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपदासाठी चार अटी घातल्या आहेत: आखणीत किंवा माहिती गोळा करण्या-तपासण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा कसून सुधारणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि पुढच्या जबाबदारीचा स्वीकार. चारही हव्यात. आता ज्यांनी फक्त उपकरण दिलं त्या सरांचं नाव कुठे? हे प्रकरण पहिल्या बैठकीला घेऊ नका. गाइड लोक नाराज होतात आणि दुसरी बैठक होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी घ्या.

ओव्यांचा अनुवाद. मराठीच्या विभागासाठी. हिंदी किंवा इंग्रजी प्रबंधातलं ओव्यांवरचं प्रकरण कुणी मराठीत उतरवून आपलं म्हणून दिलं. सॉफ्टवेअर म्हणतं साम्य तीन टक्के. पुढे?

या शेवटच्या बीजाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. विभागांत नीतीचा अर्थ 'दहाच्या आत' एवढाच उरला आहे. २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजत नाहीत. सर्वसामान्य माहितीतले सलग चौदापर्यंत शब्द जुळले तरी धरत नाहीत. हे सगळं शब्दांच्या साम्याचं मोजमाप आहे. बनावट सह्या, गाळलेली झाडं, चोरलेली कल्पना, अनुवाद करून लपवलेलं प्रकरण, यांतलं काहीही त्या अहवालात दिसत नाही. वाक्यं उलटीसुलटी करून टक्के खाली आणणारी दुकानं निघाली आहेत, आणि हल्ली ते काम एआय फुकटात करतो. बैठकीत टक्क्यांवर गाडी गेली की चालवणाऱ्याने सरळ म्हणावं, 'टक्के शून्य आहेत असं धरा. आता सांगा.'

तपासा : प्रकरण विभागाबाहेरच्या दोघांना वाचायला द्या. दोघांनी एकच उत्तर दिलं तर ते प्रकरण नाही, धडा आहे. पुन्हा लिहा.

इशारा : आपल्याच विभागात घडलेली गोष्ट नावं बदलून प्रकरणात घालू नका. पहिल्या वाक्यातच सगळे ओळखतात, आणि मग उरलेला वेळ तो माणूस कोण यावर जातो. पाच वर्षं जुनी असली तरी नको. विभागांची स्मरणशक्ती दांडगी असते.

## टप्पा ४ : आदला आठवडा

१. प्रकरण पाच दिवस आधी कागदावर द्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंत की खाली अंगठे येतात आणि चर्चा तिथेच 'झाली' होते.

२. गाइड मंडळींना एकेकटं भेटा. त्यांना एकच विनंती: पहिला सव्वा तास ऐकायचं. का ते सांगा. 'तुम्ही बोललात की ते अंतिम होतं, मॅडम. आम्हाला आधी त्यांचं ऐकायचंय.' ज्यांना हे जमणार नाही असं दिसतं त्यांना पहिल्या बैठकीला न बोलावणं परवडतं.

३. एक माणूस बाहेरचा बोलवा: ज्याची कुणीतरी कधीतरी 'माहिती घेतली' आहे. मच्छीमार, बागायतदार, आशाताई, नमनातला (कोकणातल्या लोकनाट्यातला) कलाकार. मच्छीमार हवा असेल तर जून-जुलै बरा, कारण होडी वर ओढलेली असते. येण्या-जाण्याचा खर्च आणि बुडालेली रोजी आधी ठरवून द्या, पाकिटात घालून, सगळ्यांसमोर नव्हे. त्याला पाहुणा करून मधल्या खुर्चीत बसवू नका, मागेही बसवू नका. इतरांत बसू द्या.

एका बैठकीत आलेल्या काकांनी विचारलं होतं, "तुम्ही माहिती नेता ती मग जाते कुठे? आजवर सहा पोरं येऊन गेली. परत एकही नाही आलं." त्यानंतर दहा मिनिटं कुणाला काही सुचलं नाही. आजवरची आमची सर्वांत उपयोगी दहा मिनिटं ती होती.

४. भाषा ठरवा: मराठी, आणि ज्याला मालवणीत बोलायचंय त्याने मालवणीत बोलावं. इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनाही हाच नियम. 'पण सर, गाववाल्यांका काय सांगूचा?' हा प्रश्न इंग्रजीत विचारायला गेलं की त्याचा 'सहभागींशी संवाद' होतो आणि धार जाते. 'समजून दिलेली संमती' असं मराठीत म्हटलं की लगेच कळतं, यातलं 'समजून' आपण गाळत आलोय.

## टप्पा ५ : दोन तास

क्रम बदलू नका. खालची प्रत्येक अदलाबदल आम्ही करून पाहिली आणि पस्तावलो.

पहिली दहा मिनिटं : नियम. टप्पा १ मधलं वाक्य मोठ्याने वाचा. रेकॉर्डिंग नाही, फोटो नाही. फोटो हवाच असेल तर शेवटी, रिकाम्या टेबलाचा.

पुढची दहा : वाचन आणि लिहिणं. प्रकरण एकाने मोठ्याने वाचावं. मग पाच मिनिटं पूर्ण शांतता. प्रत्येकाने, गाइडांनीसुद्धा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं. या पाच मिनिटांवर कात्री मारायचा मोह होतो, मारू नका. लिहिलेला माणूस बोलतो. न लिहिलेला सरांकडे बघतो.

पस्तीस मिनिटं : लहान गट. चौघा-चौघांचे. विद्यार्थी आणि त्याचा गाइड कधीही एका गटात नको. गाइडांचा वेगळा गट केला तरी चालेल, पण तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला. प्रत्येक गटाने तक्ता आखायचा, निव्वळ मत द्यायचं नाही.

दहा मिनिटं चहा. या वेळात चालवणाऱ्याने चिठ्ठ्या वाचून घ्यायच्या आणि एकमेकींना छेद देणाऱ्या तीन निवडायच्या. चहा खोलीतच द्या. बाहेर पाठवलंत की निम्मं बोलणं कॅन्टीनमध्ये सांडतं.

चाळीस मिनिटं : सगळे एकत्र. तीन चिठ्ठ्या वाचून सुरुवात. बोलण्याचा क्रम कनिष्ठापासून: एमए-एमएस्सीची मुलं, मग पीएचडीची, मग तरुण अध्यापक, शेवटी गाइड. न्यायाधीशांच्या बैठकांतही काही ठिकाणी कनिष्ठ आधी बोलतो म्हणतात; ते असो, आपल्याकडे 'मोठ्यांनी आधी' ही सवय इतकी मुरलेली आहे की हा क्रम फळ्यावर लिहूनच ठेवावा लागतो.

शेवटची पंधरा : एक ठराव. 'विभागात उद्यापासून कोणती एक गोष्ट बदलायची?' एकच. दोन ठरल्या की एकही होत नाही.

तपासा : एका तासानंतर मोजा, किती जण किमान एकदा बोलले? निम्म्याहून कमी असतील तर उरलेल्या चिठ्ठ्या वाचायला काढा. 'तू का बोलत नाहीस गं?' असं कुणाला बोट दाखवून विचारू नका.

## टप्पा ६ : गाडी रुळावरून घसरते तेव्हा

*कुणी स्वतःचीच चूक सांगायला लागलं.* हे होतंच, आणि पहिल्यांदा झालं तेव्हा मी गोंधळलो. मध्येच पण सौम्यपणे थांबवा: 'हे आपण दोघं नंतर बोलू. आत्ता प्रकरणातल्या माणसाबद्दल बोलूया.' माणूस भारावून जास्त सांगून जातो आणि रात्री झोप उडते. नंतर खरंच भेटा, त्याच दिवशी.

बेसिनपाशी भेटलेल्या मुलीचं काय केलं, ते इथेच सांगतो. सह्या खोट्या होत्या, संमती मात्र खरी होती. बायका तोंडी 'हो' म्हणाल्या होत्या. आपल्याकडे कागदावर सही म्हटलं की सातबारा आठवतो, भूसंपादन आठवतं. तो संशय मूर्खपणाचा नाही. ती गाइडांशी बोलली, त्या अर्जांवर काट मारली, परत गावात गेली, आणि दुसऱ्या वेळी संमती वाचून दाखवून तोंडी घेतली, साक्षीदारासमोर, तशी नोंद करून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरक्षर सहभागीसाठी निःपक्ष साक्षीदाराची सोय आहे, तीच वाट सामाजिक संशोधनातही धरता येते. तीन बायकांनी दुसऱ्यांदा नकार दिला. त्यांची माहिती गेली. आठवडा गेला, एसटीचं भाडं गेलं, प्रबंध राहिला.

*कुणी म्हणालं, 'सगळीकडे असंच चालतं.'* वाद घालू नका. विचारा, 'मग परीक्षकांना हे लेखी सांगायची तुमची तयारी आहे का?' बहुधा पुरतं.

*गाइड बोलायला लागले आणि थांबेनात.* फळ्यावरच्या क्रमाकडे बोट दाखवा आणि हसा. दुसऱ्यांदा झालं तर चहा लवकर आणा.

*कुणी दुसऱ्या विद्यार्थ्याचं नाव घेतलं.* लगेच थांबवा. आरोप असेल तर त्याची जागा लेखी तक्रार, समितीकडे. इथे सौम्यपणा नको.

*कायद्याचा प्रश्न आला आणि कुणालाच उत्तर येईना.* फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढच्या बैठकीत उत्तर आणा. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर पुढची पाच वर्षं विभागात 'नियम' म्हणून फिरतं. उदाहरण द्यायचं तर 'मानवी सहभागाचं संशोधन म्हणजे डॉक्टरांचं, आपल्याला नीती समिती लागत नाही' हा असाच एक फिरता नियम. प्रश्नावली घेऊन पोषणाबद्दल, मानसिक आरोग्याबद्दल विचारायला गेलात की तुम्ही आरोग्य संशोधन करताय. समिती लागते, आणि तिचे अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावे लागतात. आपल्या महाविद्यालयात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. माहिती गोळा केल्यावर मान्यता मागायला गेलेल्याला कुणी मान्यता देत नाही.

## टप्पा ७ : एका पानाची नोंद

त्याच दिवशी लिहा, उद्यावर टाकू नका. पानावर चार गोष्टी: प्रकरणाचं नाव, कोणती वेगवेगळी उत्तरं आली (बोलणाऱ्याचं नाव नाही), कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले, आणि तो एक ठराव, कुणी कधीपर्यंत करायचा यासह. 'चर्चा अत्यंत फलदायी झाली' हे वाक्य आलं की पान फाडा.

नोंद 'नॅक'च्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइलसाठी मागितली जाईल. हे पान द्यायला हरकत नाही, म्हणूनच त्यात नावं नसतात. उपस्थितीचा कागद वेगळा ठेवा आणि दोन्ही एकत्र टाचू नका. हे क्षुल्लक वाटेल. अठरा नावं आणि 'एकाने सांगितले की...' हे एका टाचणीत आले की कोण तो, हे शोधायला फार वेळ लागत नाही.

ठराव किती लहान असावा? आमच्याकडचे तीन सांगतो. सिनॉप्सिससोबत (संशोधनाच्या आराखड्यासोबत) एक पान जोडायचं: 'माहिती कुठे ठेवणार, कोण बघणार, कधी पुसणार.' प्रयोगवहीत पान फाडायचं नाही, चुकलेल्या नोंदीवर एक रेघ आणि तारीख. आणि काकांच्या प्रश्नानंतरचा तिसरा: प्रबंध सादर झाला की एक पानभर मराठी गोषवारा घेऊन त्या गावात परत जायचं. पहिले दोन टिकले. तिसरा अर्धाच टिकला. पीएचडी झाल्यावर मुलं नोकरीच्या मागे पुण्या-मुंबईला जातात. आता आम्ही गोषवारा प्रबंध बांधायला टाकण्याआधी मागतो, तेव्हा तो मिळतो.

तपासा : पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं मागच्या ठरावाला. झाला नसेल तर का, एवढंच. नवीन ठराव तोवर नाही.

दीड-दोन महिन्यांतून एक बैठक पुरते. दुसऱ्या वेळी माणसं कमी येतील, कारण प्रमाणपत्र नाही हे कळलेलं असतं. सहा जण आले तरी घ्या. पुढच्या प्रकरणाचा मसुदा त्यांच्यातल्याच एखाद्याला लिहायला सांगा, आणि बैठक संपल्यावर हात धुवायच्या रांगेत थोडा वेळ उगाच उभे राहा. तिथे अजूनही कुणी काही विचारत असेल तर पुढचं प्रकरण तेच.